एक तार, पाच संगणक आणि एक भांडण

म्हैसूरचं अग्रहार. राजवाड्यापासून जवळच, एकशे एक गणपतींच्या देवळाचा हा भाग. सकाळी फुलवाल्यांची हाक, संध्याकाळी देवळातली घंटा आणि मधल्या वेळी चौकातल्या वाहनांचा कलकलाट. अग्रहार म्हणजे मुळात दान दिलेली वस्ती. राजानं ब्राह्मण कुटुंबांना जमीन द्यायची आणि ती वृत्तींमध्ये, म्हणजे हिश्शांमध्ये वाटली जायची, अशी जुनी रीत. वाटणी ही गोष्ट या नावाच्या पोटातच आहे म्हणा ना!

अशा या अग्रहारातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. दाराबाहेर कन्नड आणि दाराच्या आत मराठी बोलणारं, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरला राहिलेलं. पुढे ओटा, इथल्या भाषेत 'जगली'. मग एकामागे एक खोल्या, हातभर जाडीच्या भिंती, पुढच्या भागावर कौलं आणि मागच्या बाजूला नंतर चढवलेला मजला. खाली थोरले भाऊ आणि वहिनी, त्यांची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी आणि पीयूसीत शिकणारा मुलगा. वर धाकटे भाऊ आणि त्यांची पत्नी, दोघंही संगणक कंपन्यांत आणि दोघांचंही निम्मं काम घरून. शिवाय देवघराशेजारच्या खोलीत आजोबा. संगणक पाच, मोबाइल सात, टीव्ही एक. आणि या तेरांच्या तोंडी एकच केसासारखी बारीक काचेची तार. फायबरची!

तार आली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. २०० एमबीपीएसचा वेग! पण सहा महिन्यांत त्याच तारेवरून घर दुभंगायची वेळ आली. मुलीची नोकरीची मुलाखत ऐन रंगात आली होती. समोरच्यांनी प्रश्न विचारला, हिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पडदा गोठला. पुन्हा जोडणी होईपर्यंत वेळ संपलेली. ती रडत बाहेर आली आणि मग सुरू झालं घरातलं महाभारत.

"तू वर मॅच बघत होतास ना?" थोरल्यांनी मुलाला धरलं.

"मॅच कुठली? काकांचं ऑफिसचं काहीतरी चाललं होतं," मुलगा म्हणाला.

"दादा, सरळ सांगतो, आम्ही वर वेगळं कनेक्शन घेतो. म्हणजे कोणाला कोणाचा त्रास नको," धाकटे म्हणाले. वहिनींच्या हातातली पळी तिथेच थांबली. वेगळं नेट आज, वेगळी चूल उद्या, असंच त्यांच्या मनात आलं असणार.

कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं, "सर, आमच्याकडून वेग बरोबर येतोय." घरचे म्हणतात येत नाही, कंपनी म्हणते येतोय. गंमत अशी, की दोघंही खरं बोलत होते.

वाटणी सुरू होते ती खांबावर

फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काच. आत शिरलेला किरण काचेच्या आतल्या बाजूवर आपटत, परतत पुढे जातो, बाहेर पडत नाही. या शास्त्राच्या पायाभरणीत पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले डॉ. नरिंदरसिंग कपानी यांचं नाव घ्यावंच लागतं. काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पलीकडे नेण्यावरचा त्यांचा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं ते २०२१ मध्ये. अतिशुद्ध काच केली तर तिच्यातून संदेश मैलोन्‌मैल जाऊ शकेल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं आणि २००९ चं नोबेल मिळवलं.

आता घरगुती फायबरचं एक गुपित. ती तार तुमच्या एकट्याची नसते! गल्लीच्या तोंडाशी, खांबावर किंवा पेटीत, एक छोटा दुभाजक बसवलेला असतो. केंद्राकडून आलेल्या एका तंतूतला प्रकाश तो ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत त्या एका तंतूवरून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती खाली येते आणि सव्वा गिगाबिट वर जाते. एवढ्यातच सगळ्यांनी भागवायचं. खाली येणारी माहिती प्रत्येक घराच्या पेटीपर्यंत पोहोचते, पण कुलूपबंद. ज्याची त्यानं उघडायची. वर जाताना मात्र पाळी असते. केंद्र प्रत्येक पेटीला तिची वेळ नेमून देतं आणि त्या क्षणभरातच तिनं बोलायचं. पंगतीत वाढप्याला हाक मारायची ती एकेकानं, तसंच हे.

म्हणजे फायबर हे मुळात वाटून घ्यायचंच साधन. एका वेळी सगळी घरं पूर्ण वेगानं ओढत नाहीत, म्हणून ते निभतं. मग जे ६४ घरांत निभतं ते एका घरातल्या तेरा यंत्रांत का निभू नये?

पत्ता एक, माणसं अनेक

जुन्या वाड्यांत पोस्टमन दिंडीदरवाजाशी यायचा. पाकिटावर वाड्याचा पत्ता. आत कोण कुठल्या खोलीत राहतं हे ओसरीवरच्या आजोबांना ठाऊक. ते पत्र ज्याचं त्याला पोहोचवायचे. घरातला राउटर हेच काम करतो. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. आत मात्र प्रत्येक संगणकाला राउटरनं स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. कोणी कुठलं पान मागवलं याची वही राउटर ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याच्या हाती देतो. या युक्तीला म्हणतात नॅट. ती कागदावर आली १९९४ मध्ये.

ही युक्ती का काढावी लागली? जुन्या पद्धतीत इंटरनेटचे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. त्याहून कितीतरी मोठी नवी पद्धत आता रूढ होत आहे, पण घराघरांतला हा दारावरचा पोस्टमन अजून कामावर आहेच.

ज्यांनी आधीचे दिवस पाहिले त्यांना याची किंमत कळेल. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेतून मोडेमचा तो किर्र आवाज आणि सेकंदाला जेमतेम काही किलोबिटचा वेग. नेट चालू असताना फोन बंद! एका मोडेमवर दोन संगणक चालवायची सोय विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत १९९९ मध्ये आली, पण त्यासाठी पहिला संगणक सतत चालू ठेवावा लागे. आज ते काम तळहाताएवढी पेटी करते.

खरा गुन्हेगार कोण?

मग अग्रहारातल्या त्या घरात बिघडलं कुठे? आधी हिशेब मांडू. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला दोन ते चार मेगाबिट लागतात. टीव्हीवर स्वच्छ एचडी चित्रासाठी पाच, तर चारपट बारकाव्यांच्या फोर-के चित्राला पंधरा पुरतात. आता धाकट्या जोडप्याचे दोन कॉल, मुलीची मुलाखत, मुलाची मॅच आणि आजोबांचं फोर-के टीव्हीवरचं कीर्तन, सगळं एकाच वेळी चालू आहे असं धरा. बेरीज होते साधारण बत्तीस. घरात येतात दोनशे! म्हणजे मॅच निर्दोष, काका निर्दोष आणि कीर्तन तर निर्दोषच.

दोष होता भिंतीचा. फायबरची तार पुढच्या दारातून आली, म्हणून कारागिरानं पेटी दाराशेजारीच ठोकली, तीही लोखंडी कपाटाच्या मागे, दिसायला नको म्हणून! तिथून मुलीची खोली तीन जाड भिंती पलीकडे. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. वीट, दगड, पाणी आणि लोखंड तिला अडवतात. वायफायचे दोन मुख्य पट्टे. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतींतून बऱ्यापैकी पार होतो, पण तो संथ आणि गर्दीचा. शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ, एवढंच काय, चालू असलेला मायक्रोवेव्हसुद्धा त्यात लुडबुड करतो. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण एकदोन भिंतींत दमतो.

आणखी एक बारकावा फारसा कोणाला माहीत नसतो. एका पट्ट्यावर साधारणपणे एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीची थांबतात. लांबच्या खोलीतला जुना, क्षीण लॅपटॉप तेवढीच माहिती पाठवायला कितीतरी जास्त वेळ घेतो. तो वेळ जातो सगळ्यांच्या वाट्याचा! रांगेत पुढे असलेल्या माणसानं चिल्लर मोजत बसावं, तसं. म्हणून मागच्या खोलीतलं दुखणं पुढच्या खोलीतही जाणवतं आणि वाटतं, कोणीतरी सगळं नेट खाऊन टाकतंय.

दोष शोधायची सोपी रीत

तुमच्याही घरी असंच चाललं असेल तर चिडण्याआधी एवढं करा. एक लॅपटॉप राउटरला तारेनं जोडा, बाकीची यंत्रं दहा मिनिटं बंद ठेवा आणि वेग मोजा. आकडा करारातल्या वेगाच्या जवळपास आला तर कंपनी खरं बोलते. मग तार काढून तोच लॅपटॉप वायफायवर राउटरशेजारी, मधल्या खोलीत आणि सर्वांत लांबच्या खोलीत नेऊन मोजा. आकडे कागदावर लिहा. आकडा कुठे कोसळतो ते दिसलं, की दोष कुठल्या भिंतीत आहे तेही कळतं.

मोजताना दोन गोष्टींनी फसू नका. करारातला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना पडद्यावर बहुधा मेगाबाइट दिसतात. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले तर ती फसवणूक नव्हे. दुसरं म्हणजे, तारेवरही आकडा पंच्याण्णवच्या आसपासच अडकला, तर लॅपटॉपचं, राउटरचं किंवा मधल्या जोडपेटीचं भोक जुन्या १०० मेगाबिटच्या घडणीचं असण्याचा दाट संभव. तारेच्या आत चार जोड्या, म्हणजे आठ वायरी असतात. त्यातली एखादी टोकाला नीट बसली नसली तरीही वेग शंभरावरच थांबतो.

उपाय: पंधरा मीटर तार

पहिला उपाय फुकटचा. राउटर कपाटामागून काढा, घराच्या मध्याकडे आणा, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर उघड्यावर ठेवा. फिशटँक, आरसा, फ्रिज यांच्यापासून दूर. फायबर आत घेताना ती काच आहे हे विसरू नका. तिला काटकोनात मुडपायचं नाही, दारात चेंगरू द्यायचं नाही आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून तर मुळीच बघायचं नाही. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण असतो.

दुसरा उपाय थोड्या खर्चाचा, पण रामबाण. जी यंत्रं जागची हलत नाहीत त्यांना तार द्या. टीव्ही, टेबलावरचा संगणक, ऑफिसच्या कामाची जागा. कॅट-६ जातीची तार १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग बिनतक्रार नेते. घरात एवढं अंतर कुठून असणार? राउटरची भोकं कमी पडली तर पाच किंवा आठ भोकांची गिगाबिट जोडपेटी, म्हणजे स्विच, लावा. तारेवर गेलेलं प्रत्येक यंत्र वायफायची रांग तेवढी कमी करतं.

तिसरा उपाय वरच्या मजल्यासाठी. खालून एक तार वर न्यायची आणि तिच्या टोकाला दुसरा वायफाय डबा बसवायचा. मात्र त्या दुसऱ्या डब्याला पत्ते वाटायचं काम देऊ नका. एका घरात दोन पोस्टमन झाले की पत्रांचा गोंधळ ठरलेला. त्याच्या सेटिंगमध्ये तो 'ॲक्सेस पॉइंट' करून ठेवायचा. हल्ली 'मेश' नावाचे जोडडबे मिळतात, ते ही व्यवस्था आपली आपण लावतात. पण त्यांनाही मधून तार दिली तर ते अधिक जोमानं चालतात. भिंतीतल्या प्लगला लावायचे स्वस्तातले 'एक्स्टेंडर' ऐकतात एकदा आणि तेच बोलतात पुन्हा एकदा. त्यात साधारणपणे निम्मा वेग जातो. निरुपाय असेल तरच ते घ्या.

आणि वीज गेली तर? जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून यायची. काचेतून वीज येत नाही. फायबरची पेटी आणि राउटर यांच्यासाठी मिळणारा छोटा बॅटरीडबा घेऊन ठेवा. घ्यायच्या आधी पेटीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

करार घेतानाच तीन प्रश्न विचारा. वर जाणारा वेग, म्हणजे अपलोड, किती? काही योजनांत तो खाली येणाऱ्या वेगाइतकाच असतो, काहींत बराच कमी. मुलाखतीत आपला चेहरा पलीकडे जातो तो याच वाटेनं. दुसरा प्रश्न, 'अमर्याद' म्हणजे किती? अनेक योजनांत महिन्याला ठरावीक गिगाबाइटनंतर वेग उतरतो. तिसरा, दिलेला राउटर दोन्ही पट्ट्यांचा आणि गिगाबिट भोकांचा आहे का?

शेजारधर्म आणि पासवर्ड

तार टाकली, घर शांत झालं. पण वाटणीचा खरा अवघड प्रश्न पुढेच होता. शेजारची मुलगी दाराशी आली. सीईटीचा अर्ज भरायची शेवटची तारीख, मोबाइलचा डेटा संपलेला. "काकू, जरा पासवर्ड सांगता का?" वहिनी सांगणारच होत्या. धाकटे म्हणाले, "वहिनी, थांबा जरा." वहिनींना राग आला. विरजण मागायला आलेल्या शेजारणीला कोणी रिकामी वाटी परत देतं का?

दोघांचंही बरोबर होतं. धाकट्यांच्या मनात काय होतं ते समजायला २००८ सालची एक घटना आठवावी लागेल. २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल गेला होता. मागोवा घेत तपास पोहोचला तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरी. तिथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाचा त्या मेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. पण पोलिसांच्या प्रश्नांना सामोरं जावं लागलं ते त्यालाच. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, हे वर सांगितलंच. आत कोण बसलं होतं ते पत्त्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणून वायफाय कधीही उघडं ठेवू नये. राउटरवर डब्ल्यूपीए-३ किंवा निदान डब्ल्यूपीए-२ सुरक्षा असावी. पेटीसोबत आलेला 'ॲडमिन' हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. पासवर्ड मोबाइल नंबर किंवा आडनाव नसावा. चार असंबद्ध शब्दांची लांबलचक माळ बरी. घरच्यांना आठवते, परक्यांना सुचत नाही.

मग शेजारधर्माचं काय? त्याचीही सोय राउटरमध्येच असते. तिचं नाव 'गेस्ट नेटवर्क', म्हणजे पाहुण्यांचं वायफाय. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. पाहुण्याला इंटरनेट मिळतं, पण घरातले संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे दिसत नाहीत. ओटीवर बसवून चहा द्यावा, पण तिजोरीच्या खोलीत नेऊ नये, तसंच. काम झालं की पासवर्ड बदलावा किंवा ती सोय बंद करावी. पत्ता मात्र तेव्हाही आपल्याच घराचा दिसतो, म्हणून पाहुणा ओळखीचाच हवा.

शेजाऱ्याला कायमची तार ओढून देणं आणि महिन्याचे पैसे निम्मे करणं मात्र वेगळं. जोडणी पुढे विकू नये, अशी अट बहुतेक करारांत असते. आपण न वाचता सही करतो एवढंच. ज्यांना खरोखर गल्लीला नेट द्यायचं आहे त्यांच्यासाठी सरकारची पीएम-वाणी योजना आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. किराणा दुकानदार किंवा चहावालाही तीत 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊ शकतो. त्यासाठी परवाना नाही, शुल्क नाही. वापरणाऱ्याची नोंद मात्र रीतसर होते.

वाटून घेणं म्हैसूरला नवं नाही. याच गावात १९३५ मध्ये महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरात रेडिओ केंद्र सुरू केलं आणि त्याचं नाव पडलं 'आकाशवाणी'. पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळालं. एका घरातून निघालेला आवाज गावानं वाटून घेतला होता!

अग्रहारातल्या त्या घरी दुसरी जोडणी काही आली नाही. तिच्या वर्षभराच्या बिलापेक्षा कितीतरी कमी पैशांत तार, जोडपेटी आणि वरच्या मजल्याचा डबा आला. तार भिंतीच्या कडेनं टाकायला दोघे भाऊ एका रविवारी एकत्र बसले. खिळे आजोबांनी मोजून दिले. शेजारच्या मुलीनं जगलीवर बसून पाहुण्यांच्या वायफायवरून अर्ज भरला आणि वहिनींनी तिला गरम इडली खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

आठवड्यानं मुलीची दुसरी मुलाखत होती, दुसऱ्या कंपनीत. मॅच चालू होती, काकांचं ऑफिस चालू होतं, कीर्तनही चालू होतं. "बंद करू का गं?" आजोबांनी विचारलं.

"राहू दे आजोबा, काही होत नाही," ती म्हणाली. तरी लॅपटॉपला लावलेल्या तारेचं टोक तिनं एकदा बोटानं दाबून पाहिलं आणि मगच दार लावून घेतलं.